पहिली गोळी, पाच गोळ्या

"परवाना परत करून टाकू," माझे वडील, आबा म्हणाले. "हात गेला आता."

डिसेंबर २०२४. पुण्याच्या रेंजवरून आम्ही रेवदंड्याला परतत होतो. खोपोली मागे पडेपर्यंत ते गप्प होते, आणि मग एवढंच बोलून पुन्हा गप्प झाले. मागच्या सीटवर आमची पॉइंट टू-टू रायफल होती. माझ्या आजोबांनी १९६४ साली घेतलेली, झेकोस्लोव्हाकियातली ब्रनो. पन्नास मीटरवर पाच गोळ्या मारल्या तर त्या रुपयाच्या जुन्या नाण्याखाली झाकता येतात, अशी तिची घरात आणि गावात ख्याती. त्या दिवशी त्याच पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत विखुरल्या होत्या. दोन खाली, एक डावीकडे लांब, उरलेल्या दोन कुठेतरी मधे. आबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली ती घरी येईपर्यंत उघडली नाही.

तिला आम्ही शिकारीची रायफल म्हणतो खरं, पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून तिच्यातून एकाही जनावरावर गोळी सुटलेली नाही. त्याआधीही मोकळं रान नव्हतंच. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, शिकारीचा परवाना वेगळा काढावा लागे, आणि फणसाडचं जंगल तर जंजिऱ्याच्या नवाबाची राखीव शिकार होती. १९८६ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. आबा आता तिथे शेकरू बघायला जातात. रायफल वारसा म्हणून त्यांच्या परवान्यावर आली, आणि वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुट्टीत, रेंजवर जाऊन कागदावर नेम मारायचा एवढाच तिचा उपयोग उरला. पण त्या एका दिवसाची वाट आबा वर्षभर बघतात.

नाताळच्या सुट्टीत माझी मुलगी घरी आली. आबा तिला बाय म्हणतात. ती पन्नास मीटर प्रोन खेळते, म्हणजे पालथं पडून, पॉइंट टू-टूनंच. आमच्या जिल्ह्यात पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब उभा राहिल्यापासून रायगडच्या मुलांना हा खेळ परका राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हा आबा आणि बाय दोघंही टीव्हीसमोरून हलले नव्हते. "आपलंच काडतूस," असं आबा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

तर ओटीवर दोघं बसले होते. मी पडवीत सुपाऱ्या निवडत होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"हात गेला हे कशावरून ठरवलंत?"

"कागदावरून."

"कागदानं गोळ्या कुठे गेल्या ते सांगितलं. का गेल्या ते सांगितलं का?"

"बाय, चौऱ्याहत्तर वय झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. कपात चहा हिंदकळतो. दोष समोर दिसतोय, मग तो दुसरीकडे कशाला शोधायचा? साठ वर्षं त्या रायफलीनं मला दगा दिला नाही. तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या जिवावर येतं."

"म्हणूनच घ्या. जिच्यावर विश्वास असतो ना, ती वस्तू कुणी तपासतच नाही. त्या दिवशी तुम्ही काय काय बदललंत ते सांगा."

आबांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं. पहिल्या पाच गोळ्या वाईट गेल्यावर त्यांनी काडतुसांचा नवा डबा उघडला. मग टेलिस्कोपच्या खुंट्या फिरवल्या, दोन घर वर, तीन घर उजवीकडे. मग नळी पुसली. मग टेलिस्कोपचे स्क्रू आवळले. मग पुन्हा जुनी काडतुसं. हे सगळं दीड तासात.

"म्हणजे ताप आला म्हणून चार वैद्यांची चार औषधं एकदम घेतलीत," बाय म्हणाली. "आता उतार पडला असता तरी कशानं पडला ते कळलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच गोळ्या मारायच्या, कागदावर लिहायचं. मग दुसरी. एका गोळीवरून काही ठरवायचं नाही. पाचांचा पुंजका किती मोठा आहे आणि कुठे बसलाय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुंजका लहान आहे पण भलतीकडे बसलाय, तर खुंट्या फिरवा. पुंजकाच फुटलाय तर खुंट्या फिरवून काय होणार?"

"तुमचं हे कागदाचं शास्त्र आहे. कागद पळत नाही."

यानंतर आबांनी सशाची गोष्ट सांगितली. मी ती लहानपणापासून ऐकत आलोय, बायनं पहिल्यांदा ऐकली. १९६६ चा हिवाळा, आबा सोळा वर्षांचे. आजोबांचा नियम होता, पॉइंट टू-टूनं ससा नाहीतर रानकोंबडा, त्याहून मोठ्यावर नेम धरायचा नाही. आबांनी घाईनं सशावर गोळी झाडली, ती मागच्या पायाला लागली आणि ससा करवंदीच्या जाळीत घुसला. आजोबांनी रायफल काढून घेतली आणि आबांना जाळीत शिरायला लावलं. अंधार पडेपर्यंत. हातापायांवर काट्यांचे ओरखडे घेऊन आबा बाहेर आले तेव्हा ससा सापडला होता, जिवंत. पुढे एक वर्ष त्यांना रायफलीला हात लावू दिला नाही.

"नेम म्हणजे काय, ते मी त्या जाळीत शिकलो," आबा म्हणाले. "चंपावतच्या वाघिणीचं काय झालं होतं? कॉर्बेटनं १९०७ मध्ये मारली तेव्हा बघितलं, उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले. कुणाची तरी जुनी, चुकलेली गोळी. त्या एका गोळीपायी पुढे शेकडो माणसं गेली. ज्याला आपल्या पहिल्या गोळीची खात्री नाही त्यानं चापावर बोट ठेवायचं नाही. मला आता खात्री नाही. म्हणून परवाना परत."

बाय बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "आबा, माजघराचं दार पावसाळ्यात फुगतं?"

"श्रावणात खांदा लावावा लागतो."

"आणि आता?"

"आता सैल. कडी खडखडते."

"रायफलीचा दस्ता कशाचा आहे?"

आबा म्हणाले, "अक्रोडाचा," आणि मग त्यांनी माजघराच्या दाराकडे पाहिलं.

समुद्रकाठी राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे जूनमध्ये बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, पुस्तकांना वास येतो, चष्म्याच्या डबीतही बुरशी धरते. त्यात २०२४ हे निवडणुकांचं वर्ष. लोकसभेच्या आचारसंहितेत, मार्चमध्ये, रायफल जमा करावी लागली ती जून उजाडल्यावर हातात आली. पावसाळाभर घरात राहिली, ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पुन्हा जमा. नोव्हेंबरच्या शेवटी परत आली. या सगळ्या काळात ती आतून फेल्टचं अस्तर असलेल्या म्यानातच होती. ते अस्तर ओल धरतं आणि सोडत नाही. यात ठेवणाऱ्यांचा दोष नाही, आम्हीच ती म्यानासकट दिली होती आणि घरीही म्यानातच ठेवली होती.

लाकडाचं काय होतं, तर ते पाणी पिऊन फुगतं. दस्ता आणि नळी यांना एकत्र धरणारे स्क्रू पोलादी, ते फुगत नाहीत. मग फुगलेलं लाकूड स्क्रूच्या डोक्याखाली चेपतं. थंडीत हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, पण चेपलेला भाग पूर्ववत होत नाही, आणि स्क्रूला पकडायला काही उरत नाही. म्हणून पावसाळ्यात घट्ट वाटणारी रायफल मार्गशीर्षात सैल होते. बाहेरून काहीच दिसत नाही. हातात हलतही नाही. पण गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यानं नळी दस्त्यात केसभर सरकते आणि दर वेळी वेगळ्या जागी बसते. नळीच्या टोकाला एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी पन्नास मीटरवर तो सेंटीमीटरच्या आसपास जातो.

जानेवारीत आम्ही तिघं चार दिवसांसाठी पुण्याला गेलो. मुक्काम कोथरूडला माझ्या बहिणीकडे.

पहिल्या दिवशी सकाळी सातला रेंजवर पोचलो तेव्हा वाऱ्याचे झेंडे काठीला चिकटले होते. आबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आमच्याकडे सकाळी मतलई वारा, दुपारी खारा. आठला एका बाजूला सरकलेली गोळी तीनला दुसऱ्या बाजूला सरकते."

"म्हणून तर इथे आणि या वेळी आलो. वारा आजच्या हिशेबातून बाद."

मग बायनं आमची रायफल म्यानातच ठेवली. प्रशिक्षकांना विचारून तिनं क्लबची जर्मन रायफल मांडली, खाली वाळूच्या पिशव्या लावल्या आणि आबांना बसवलं. आबांना हे आवडलं नाही. तरी त्यांनी पाच गोळ्या मारल्या. कागद आणला. पाचही भोकं एका नाण्यात बसली असती.

"रायफल चांगली आहे," आबा म्हणाले.

"हो. आणि हात?"

आबांनी उत्तर दिलं नाही. पण कागद या वेळी घडी न करता खिशात ठेवला.

त्यानंतरचा सगळा क्रम तिचा होता, आणि तो तिनं वहीत लिहून आणला होता. आमच्या रायफलीवर आधी तिनं स्वतः पाच गोळ्या मारल्या. पुंजका साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे चालवणारा बदलूनही रोग तोच. मग तीन वेगळ्या बनावटीची काडतुसं, प्रत्येकी पाच. पॉइंट टू-टूला काडतुसाची आवडनिवड असते हे खरंच, एकीला मानवतं ते दुसरीला मानवत नाही, पण तिन्ही पुंजके फुटलेलेच निघाले. मग टेलिस्कोप उतरवला आणि नुसत्या माशीवर नेम धरला. तेच. म्हणजे टेलिस्कोपही सुटला. प्रत्येक वेळी ती वहीत एक ओळ लिहायची आणि पुढचं पान उलटायची. मला हे बघताना मौज वाटत होती, आबांना कंटाळा येत होता.

शेवटी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून तिनं दस्त्याच्या खालच्या स्क्रूवर पेन्सिलीची खूण केली आणि नेमक्या मापाचा पेचकस लावला. पुढचा स्क्रू पाऊण फेरा फिरला तेव्हा कुठे त्याला पकड आली. पाऊण फेरा! पुढच्या पाच गोळ्या तीन सेंटीमीटरमध्ये आल्या.

मला विचाराल तर आबांचा विश्वासच इतके दिवस आड येत होता. स्वतःला दोष देणं त्यांना सोपं गेलं, कारण त्यात रायफलीची इभ्रत शाबूत राहत होती. त्यांच्या पिढीतली पुष्कळ भली माणसं असंच करतात, आणि मग चांगली वस्तू आणि चांगला हात दोन्ही एकदम निवृत्त होतात.

बाय वही मिटत होती. "झालं. ओल आणि स्क्रू."

"झालं नाही," आबा म्हणाले. "पहिली गोळी खाली गेली."

"पाचात एखादी जाते, आबा."

"एखादी नाही. पहिली. मगाशीही पहिलीच खाली होती, त्याआधीही."

इथे दोघांचं खरं वाजलं. बायच्या खेळात सामना सुरू व्हायच्या आधी तयारीला आणि नेम जुळवायला पंधरा मिनिटं मिळतात, त्यात हव्या तितक्या गोळ्या मारा, त्यांची मोजदाद नाही. पहिली गोळी म्हणजे नळी गरम करायची, वारा बघायचा, विसरून जायचं. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथे थंड नळीतल्या गोळीवर कोण विसंबणार?

"तुमची पहिली गोळी हिशेबात नाही," आबा म्हणाले, "आमची दुसरी हिशेबात नव्हती. पाच गोळ्यांची सरासरी काढलीस की जी मला हवी आहे तीच गोळी त्यात बुडून जाते. मला एक कागद दे. उद्या सकाळी फक्त एक गोळी मारीन. परवा एक, तेरवा एक. त्याच कागदावर."

"त्याला दिवस लागतील."

"तुझी वही भरायला लागले नाहीत?"

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळी सातला आबांनी त्या कागदावर एकेक गोळी मारली. तिन्ही भोकं मधोमध, पण खाली, केंद्रापासून दोन-अडीच सेंटीमीटर. तिन्ही जवळजवळ एकमेकांना चिकटलेली. त्याच रायफलीतून त्यानंतर मारलेल्या गोळ्या हळूहळू वर चढायच्या आणि आठव्या-दहाव्या गोळीला जागेवर यायच्या. एवढं नियमानं चुकत असेल तर ते चुकणं नव्हे, त्याला कारण आहे, हे बायनंही कबूल केलं. पण कारण तिला सापडेना.

ते आबांना कोथरूडच्या घरी सापडलं. चौथ्या सकाळी रेंजवरून परतल्यावर माझी बहीण खोबरेलाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवत होती. तेल थिजून पांढरं झालं होतं. आबा बाटलीकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनी खिशातून रिकाम्या काडतुसांच्या पुड्या काढल्या. ते पहिल्या गोळीचं रिकामं काडतूस रोज वेगळं ठेवत होते, शिकाऱ्याची जुनी सवय. खिडकीत नेऊन भिंगाखाली धरलं. पॉइंट टू-टूला खटक्याचा घाव काडतुसाच्या कडेवर बसतो. पहिल्या गोळ्यांवरचे घाव उथळ होते, नंतरच्या गोळ्यांवरचे खोल.

"मी खोबरेल लावतोय," आबा म्हणाले. "लॉकडाऊनपासून."

२०२० मध्ये बंदुकीचं तेल संपलं, दुकानं बंद होती, घरात वाडीच्या नारळांचं तेल होतं. आमच्याकडे ते केसांना, कोयत्याला, दाराच्या बिजागरीला, सगळ्यालाच चालतं. आबांनी खटक्याच्या स्प्रिंगला लावलं आणि मग तीच सवय झाली. मे महिन्यात रेंजवर जायचो तेव्हा ते पाण्यासारखं पातळ असायचं, म्हणून चार वर्षं काहीच जाणवलं नाही. २०२४ च्या मेमध्ये रायफल जमा होती, आणि आम्ही पहिल्यांदाच थंडीत गेलो. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. पुण्याच्या जानेवारीतल्या सकाळी ते मेणासारखं झालं, खटका आळसावला, घाव उथळ बसला, काडतुसातली दारू नीट पेटली नाही आणि गोळी संथ सुटली. संथ गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत जास्त खाली येते. आठ-दहा गोळ्यांनंतर यंत्र हलून हलून आणि उन्हानं मोकळं व्हायचं.

बायनं काडतूस स्वतःच्या हातात घेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं. "आबा, हे माझ्या वहीत कधीच आलं नसतं," ती म्हणाली. तिनं नवं पान काढून वर लिहिलं, "पहिली गोळी".

बोल्ट खोलायचं काम आम्ही घरी केलं नाही. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे दिली. त्यानं स्प्रिंगवरून पिवळट गोळा काढून दाखवला, सगळं धुऊन बंदुकीच्या पातळ तेलाचा एकच हात दिला. दस्त्याच्या भोकांत धातूच्या नळ्या बसवल्या, म्हणजे स्क्रू आता लाकडाला चेपणार नाहीत. जाता जाता त्यानं विचारलं, नळी पुसायचा गज तोंडाकडून घालता का? आबा ठासणीच्या बंदुकीवर शिकलेले, ती तोंडाकडूनच साफ होते. पण रायफलीच्या नळीचं तोंड गजानं झिजलं की गोळी सुटताना एका बाजूनं वायू निसटतो आणि नेम कायमचा जातो. नशिबानं अजून झिजलं नव्हतं. आता गज बोल्टच्या बाजूनं.

फेब्रुवारीत पुन्हा पुण्याला गेलो. सकाळी सात, थंडी, झेंडे लोंबलेले. आबांनी एकच गोळी मारली. तिनं दहाच्या वर्तुळाची कड कापली. मग बायनं पाच मारल्या, पुंजका पुन्हा नाण्याएवढा. दोघांचे कागद बहिणीच्या घरी एकाच फाइलीत आहेत. परवाना परत करायचा विषय आबांनी नंतर काढला नाही, नूतनीकरणाचा अर्ज मात्र मी त्यांच्याबरोबर जाऊन भरून आलो.

किनाऱ्यावर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पीकसंरक्षणाच्या म्हणा, वारशाच्या म्हणा, परवान्याच्या बंदुका कितीतरी घरांत आहेत. ज्यांच्याकडे असेल त्यांनी मृग लागायच्या आत ती म्यानातून बाहेर काढावी, कोरड्या फडक्यात कपाटात कुलूपबंद ठेवावी, जमा करताना म्यान घरी ठेवून द्यावं, आणि खोबरेलाची बाटली तिच्यापासून लांब ठेवावी.